कुजबुजताईंची डुगडुगती खुर्ची

मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे, पण मित्रांनो, मला एका जागी स्वस्थ राहता येत नाही. माझा मागचा डावा पाय बोटभर आखूड आहे. सुताराने मला घाईघाईत केले आणि ती घाई माझ्या अंगात कायमची राहिली.

सुरुवातीला मी रंगमंचावर होते. राजाचे सिंहासन झाले, डॉक्टरची खुर्ची झाले. पुढे एका करुण प्रसंगात नायिकेच्या हुंदक्याबरोबर मी कर्रकन वाजले आणि प्रेक्षक खो खो हसले. त्याच रात्री माझी रवानगी विंगेत झाली.

तिथे मला कुजबुजताई भेटल्या. नटांना विसरलेली वाक्ये पडद्याआडून हळूच सांगणे हे त्यांचे काम. त्या आधी माझ्या आखूड पायाखाली पुठ्ठ्याची घडी सरकवत, मगच बसत. वर्षानुवर्षे कुजबुजून त्यांचा आवाजच तसा झाला होता. घरीही त्या कुजबुजत आणि त्यांचा जावई उत्तर देताना उगीचच आजूबाजूला बघत असे.

यंदा आमच्या नाट्यसंस्थेने नवे विनोदी नाटक घेतले. त्यात एक बहिरी आत्या होती. ती सगळ्यांशी ओरडून बोलते आणि भलतेच ऐकते. त्या भूमिकेसाठी ऑडिशन ठरली, तेव्हा ताईंनी आपले नाव दिले. त्यांना एकदा तरी पडद्यापुढे यायचे होते. आठवडाभर त्या माझ्यावर नुसत्या चुळबुळत होत्या. आता दिग्दर्शक नाही म्हणाले तर पुन्हा विचारायचे नाही, असे त्यांनी स्वतःला हळू आवाजात बजावलेले मी ऐकले.

ऑडिशनला बसायला दुसरे काही सापडेना, म्हणून मला ओढत रंगमंचावर आणले. पुठ्ठा विंगेतच राहिला. ताई बसल्या आणि मी डुगडुगले. थरथर त्यांची होती की माझी, कोण जाणे. समोर भाच्याच्या भूमिकेत संस्थेचा नेहमीचा नायक उभा होता.

ताईंनी पहिले वाक्य म्हटले. शेवटच्या रांगेतून दिग्दर्शक म्हणाले, "ऐकू येत नाहीये. बहिरी आत्या कोण, तुम्ही की मी?"

सगळे हसले. ताईंनी पुन्हा सुरुवात केली. या वेळी नायकाने रंगत यावी म्हणून मुद्दाम विराम घेतला, तर ताईंनी सवयीने त्याचेच वाक्य त्याला पुरवले. तो चिडला. दिग्दर्शकांनी एक शेवटची संधी दिली. मी जीव मुठीत धरून उभी राहायचा प्रयत्न करत होते.

तिसऱ्या वेळी ताईंनी ओठ घट्ट मिटले. नायक थांबला आणि थांबूनच राहिला. आता तो खरोखर विसरला होता. त्याने नेहमीप्रमाणे विंगेकडे मान वळवली, पण तिथे कोण असणार? सांगणारी तर समोर बसली होती.

ताई ताडकन उठल्या. मी मागच्या मागे उताणी पडले.

"मेल्या, माझं लग्न ठरलंय, असं म्हण! इतकी वर्षं सांगतेय, पाठ कधी करणार?"

तो आवाज थेट शेवटच्या रांगेपर्यंत गेला. इतक्या वर्षांत मीही तो पहिल्यांदाच ऐकला. नायक गडबडून म्हणाला, "आत्या, माझं लग्न ठरलंय."

ताईंनी कानामागे हात नेला आणि त्याच आवाजात विचारले, "विघ्न टळलंय? बरं झालं बाबा."

दिग्दर्शक हसून हसून आलेले डोळ्यांतले पाणी पुसत पुढे आले आणि भूमिका ताईंना मिळाली. मला मात्र कोणी उचलले नाही. शेवटी ताईंनीच येऊन उचलले.

आज पहिला प्रयोग आहे. मी पुन्हा विंगेत आहे, रिकामी. ताईंच्या जागी वाक्ये सांगायला आलेला नवा प्रॉम्प्टर माझ्यावर बसायला घाबरतो, तो उभाच आहे. ताई रंगमंचावर जाताना वाकल्या आणि माझ्या पायाखाली घडी सरकवून गेल्या. तरी मला चैन नाही. मित्रांनो, माझा पाय नीट करा असे माझे मागणे नाही. तुमच्या घरात, वर्गात दुसऱ्यांची वाक्ये सांभाळत बसलेले कोणी असेल, तर त्यांना एकदा पुढे बोलावून त्यांचे ऐका.

थांबा. नायकाने वाक्य बिनचूक म्हटले आहे, पण ताई गप्प आहेत. हा विराम आहे की त्या विसरल्या? नव्या प्रॉम्प्टरला पान सापडत नाही. मला राहवले नाही. मी पुठ्ठा झटकला आणि कर्रकन वाजले.

"विघ्न टळलंय?" ताई गरजल्या.