भागवतच्या गोठ्यातली वाट

मित्रांनो, मी एक जुना काँक्रीटचा रेल्वेपूल आहे. काष्टीच्या अलीकडे एका ओढ्यावर उभा आहे. अंगावर रूळ नाहीत, गाडी नाही. पण हट्ट अजून शाबूत आहे!

मला बांधलं तेव्हा आसपासच्या वाड्यांवरच्या बायांनी घमेली हातोहात देऊन माझे खांब भरले. उन्हानं तडकू नयेत म्हणून ओली पोती पांघरली, दिवसभर पाणी मारलं. मग कितीतरी वर्षं मी उसाच्या आणि माणसांच्या गाड्या पाठीवरून नेल्या. "पूल असावा तर असा," लोक म्हणायचे. ते ऐकून मी आणखीच ताठ व्हायचो.

पुढे गाडीला नवा मार्ग झाला. माझ्यावरचे रूळ आणि खडी उचलून नेली. तरी दोन्ही टोकांना मुरमाचा भराव होता, तोवर माणसं माझ्यावरून जात-येत होती. पण फुकटचा मुरूम कोण सोडतो? कुणी अंगणात टाकला, कुणी खळ्यात. माझ्या पायथ्याशीच राहणाऱ्या भागवतनं तर ट्रॉल्या भरभरून नेला आणि गोठ्यात अंथरला. अखेर दोन्हीकडे खड्डे पडले. मी मधेच अधांतरी राहिलो, माझ्यावर चढायचं कुठून? मला लई राग आला, खोटं कशाला बोलू!

माणसं मग खालच्या फरशीवरून, म्हणजे ओढ्यातल्या बुटक्या पुलावरून, जाऊ लागली; यंदाच्या पावसाळ्यात ती सारखी पाण्याखाली जाऊ लागली. शाळा पलीकडच्या काठाला. भागवतची लेक निकिता हिची शाळा बुडू लागली. शेवटी भागवत म्हणाला, "न्हाई जमत. निकीला सुप्याला मामाकडं ठिवू." घर सोडायचं म्हटल्यावर पोर हमसून हमसून रडली.

तेव्हा भागवतची आई, आक्काबाई, गोठ्याच्या दारात येऊन उभी राहिली.

"पोरीला कशाला धाडतो रं? तिची वाट तुझ्या गोठ्यात हाय. म्हशी बांधल्यात तू तिच्यावर!"

भागवत ओशाळला. "आये, लोकांनीबी नेलाय की मुरूम."

"लोकांचं लोक बघत्याल. तू आदी उकर."

भागवतनं म्हशी बाहेर बांधल्या आणि कुदळ घेतली. शेणानं माखलेला मुरूम माझ्या टोकाशी येऊन पडला. वास आला, पण म्हटलं, चालतंय! ते बघून शेजारी आपापली अंगणं उकरू लागले. पलीकडच्या काठालाही ट्रॉल्या लागल्या. सगळ्यांनी मिळून भराव चोपून घट्ट केला, माझ्या कडांना लोखंडी पाइप लावले.

दप्तर पाठीला लावून निकिता आजीबरोबर निघाली. खाली ओढा धो धो वाहत होता. मध्यावर थांबून तिनं जोरात पाय आपटला.

"आज्जी, ह्यो हालत न्हाई गं!"

"हालतोय कशाला? माझ्या आईनं घमेली वाहिलीत त्याच्यासाठी."

मित्रांनो, मी हलणार नाही, हा माझा शब्द आहे. तुम्ही फक्त माझ्या टोकांचा मुरूम हलवू नका.