अण्णांची तीन दिवसांची पत्रं

सोमवारी सकाळी कॉलेजच्या मेल सर्व्हरची डिस्क बंद पडली आणि शेजारच्या राखीव मशीनने गुपचूप काम उचललं. कुणाला पत्ताही लागला नाही. घाम फुटला तो एकट्या सर्व्हरताईंना. सर्व्हर सांभाळणाऱ्या बाईंना कॉलेजात सगळे याच नावाने ओळखत.

बुधवारी दुपारी नवी डिस्क आली. ताईंनी रविवारच्या बॅकअपवरून मुख्य मशीन उभं केलं, मधल्या तीन दिवसांची पत्रं राखीव मशीनवरून त्यात आणली, आणि टपाल पुन्हा मुख्य मशीनकडे वळवलं. चार प्राध्यापकांना विचारलं. सगळं जागच्या जागी होतं. आता राखीव मशीन पुसून नव्याने तयार ठेवायचं, एवढंच उरलं. तेवढ्यात फोन वाजला.

सासरे होते. अण्णांनी याच कॉलेजात तीस वर्षं भूगोल शिकवला होता, आणि निवृत्तीनंतरही त्यांचा मेल इथेच होता.

"कामात आहेस का गं?"

"आहे अण्णा. बोला पटकन."

"काल मी धाकट्याचा वजीर खाल्ला. ते पत्रच गायब झालंय!"

अण्णा आणि त्यांचे धाकटे भाऊ मेलवर बुद्धिबळ खेळत. एका पत्रात एक चाल.

"आणि तो लबाड म्हणतो, मला काही आठवत नाही."

ताईंनी कीबोर्डवरचा हात झटकन मागे घेतला. निवृत्तांच्या पेट्या वेगळ्या फोल्डरमध्ये होत्या. तो फोल्डर आणायचाच राहिला होता. मशीन पुसलं असतं तर पंधरा जणांचे तीन दिवस कायमचे गेले असते.

"अण्णा, तुमच्या पायाच पडते."

"ते नंतर. आधी वजीर."

त्यांनी फोल्डर आणला आणि अण्णांना फोन लावला.

"आलं का?"

"आलं! पण दोनदा आलंय."

घाईत कॉपी दोनदा झाली होती.

"राहू दे गं. वजीर आणखी एकदा मेला तर काय बिघडतं?"

"नाही हो, सगळ्यांनाच दुप्पट दिसेल." ताईंनी जादा प्रती काढल्या, दोन्हीकडची पत्रं ताडून पाहिली. मग हळूच म्हणाल्या, "चूक माझीच. पंधराही निवृत्त लोक माझ्याकडून राहूनच गेले."

अण्णांनी विचारलं, "बाकीच्या चौदा जणांपैकी कुणी विचारलं?"

"कुणीच नाही."

"त्यांना वाटलं असेल, कुणी लिहिलंच नाही."

ताईंनी त्या चौदा जणांची यादी समोर उघडली.

"नंबर आहेत माझ्याकडे," अण्णा म्हणाले. "मी सांगतो एकेकाला. तू तुझं काम कर."

राखीव मशीन आठवडाभर तसंच ठेवायचं, असं ठरवून ताई संध्याकाळी घरी आल्या. अण्णा अजून फोनवरच होते.

"अहो, वर नाही, खाली बघा. खाली! दिसलं? नातीचं? मग वाचा की, मी थांबतो."

फोन कानाला तसाच धरून त्यांनी सुनेला झाकून ठेवलेल्या ताटाकडे बोट दाखवलं.