डबा कोणी न्यायचा

अल्बेनियातल्या श्कोदरच्या गडात चिणलेल्या सुनेची गोष्ट द्रांदेने लहानपणापासून इतक्यांदा ऐकली होती की तिचं काही वाटेनासं झालं होतं. तीन भाऊ भिंत बांधतात, ती रोज रात्री ढासळते. भिंत टिकावी म्हणून उद्या ज्याची बायको जेवण घेऊन येईल तिला त्यात चिणायचं, घरी मात्र बोलायचं नाही, असा शब्द ते एकमेकांना देतात. थोरले दोघे बायकांना सांगून टाकतात. धाकटा शब्द पाळतो.

रविवारी दुपारी त्यावरचा सिनेमा सभागृहात लागला. संगीत नाही, बोलणं नावापुरतं. थोरली जाऊ लुले अर्ध्यातच घोरू लागली. द्रांदेची पापणी लवेना. पडद्यावर दोघी जावा सबबी सांगत होत्या, एकीला धुणं, दुसरीला माहेर. मग चुना धाकटीच्या गुडघ्यापर्यंत, कमरेपर्यंत आला. तान्ह्यासाठी एक स्तन तेवढा बाहेर राहू द्या, असं ती म्हणाली आणि इकडे द्रांदेला पान्हा फुटला. तिची पाच महिन्यांची लेक घरी सासूजवळ होती.

"दोन तास चुना वाळताना बघितला," बाहेर पडताना लुले म्हणाली. "त्यापेक्षा आपले नवरे काय वाईट होते? फुकटात दिसले असते."

त्यांचे नवरेही गवंडीच. तिघे सख्खे भाऊ, द्रांदेचा पाश्क सगळ्यांत धाकटा.

सोमवारी डबा न्यायची पाळी लुलेची. पण धुणं पडलंय, आज तू जा, असं तिने सांगितलं. मधली जाऊ माहेरी निघालेली. द्रांदेला पडद्यावरच्या सबबी आठवल्या. नाही म्हणायला कारण सुचेना, म्हणून ती निघाली.

नदीकाठी अर्धवट भिंत उभी होती. द्रांदेला पाहून तिघा भावांनी हातातलं काम थांबवलं. ती लांबच उभी राहिली आणि पाश्कला बाजूला बोलावलं.

"त्या धाकट्यासारखा शब्द तू दिला असतास, तर मला सांगितलं असतंस?"

तो हसला नाही. बोटांवरचा सुकलेला चुना खरवडू लागला.

"नसतं सांगितलं. पण पहाटेच तुझे जोडे नदीत फेकले असते. मग कशी आली असतीस?"

"अनवाणी आले असते, पाश्क. तू उपाशी राहशील म्हणून."

डबा वाळूच्या ढिगावर ठेवून ती झपाझप निघाली, आणि लेकीला छातीशी घेईपर्यंत थांबली नाही.

मंगळवारपासून पाश्क सकाळी निघतानाच तिघांचा डबा घेऊन जाऊ लागला. भावांनी कुरकुर केली, तेव्हा गार जेवण मला चालतं, एवढंच म्हणाला.