एका उंचवट्याचे दोन शोधनिबंध

सरांचा कप किती वर्षांत धुतला नव्हता, ते सरांनाही आठवत नसे. आत चहाचे थरावर थर चढलेले, आणि सर त्यातूनच फुरके मारत. "धुतला की चव जाते," म्हणायचे. त्यांच्या हाताखाली संशोधन करणाऱ्या तिला ते पाहून रोज मळमळायचं. पण तिचं कंत्राट दरसाल सरांच्या शिफारशीवर वाढे, म्हणून ती नजर फळ्यावर ठेवायची.

तीन वर्षं खपून तिने चार क्वार्क, म्हणजे प्रोटॉनच्याही आतले घटक, मिळून होणाऱ्या कणांचं गणिती प्रारूप उभं केलं होतं. चौघे एकाच गाठोड्यात घट्ट बसतात, की दोन-दोनच्या जोड्या नुसत्या एकमेकींना चिकटून राहतात, हा त्या धंद्यातला जुना तंटा. ती गाठोडंवाली. क्वार्कांमधली ओढ किती, हा आकडा तिने ओळखीच्या कणांवरून ठरवला आणि पुन्हा त्याला बोट लावलं नाही.

एका सोमवारी प्रयोगवाल्यांच्या आलेखावर उंचवटा दिसला. नवा कण!

"आपल्या प्रारूपात तिथे काय आहे गं?" सरांनी विचारलं.

"काहीच नाही, सर. तिथे कण बसतच नाही."

"मग ओढ वाढव ना जरा. सहा टक्के. कुणाच्या बापाचं काय जातंय?"

"ओळखीचे सगळे कण जागचे हलतील, त्यांचे बरोबर आलेले आकडे चुकतील."

"ते परिशिष्टात टाकू. परिशिष्ट कोण मरायला वाचतंय?"

शुक्रवारपर्यंत जगभरातून एकतीस शोधनिबंध आले. कुणी गाठोडं म्हणे, कुणी जोड्या. उंचवटा मात्र सगळ्यांनाच तंतोतंत बसलेला. सरांचा बत्तिसावा.

"माझं नाव काढा," ती म्हणाली. सरांनी काढलं.

नळदुरुस्ती करणारा तिचा दादा जेवताना हसला. "न आलेलं पाणी मी सहा टक्के वाढवून दाखवलं असतं ना, तर गिऱ्हाइकाने बडवलं असतं मला."

पाच महिन्यांनी प्रयोगवाल्यांनी आणखी मोजमाप केलं आणि उंचवटा सपाट झाला; कण नव्हताच. ती रात्रभर खुशीत होती. सकाळी सरांचा नवा निबंध समोर आला: तिथे कण का असूच शकत नाही. आत तिचीच जुनी ओढ, तिचाच तक्ता, दशांशासकट. नाव एकट्या सरांचं. शेवटी तिचे आभार, 'उपयुक्त गप्पांबद्दल'.

"सर, हे माझं काम आहे!"

"तूच म्हणालीस ना, नाव काढा? मला वाटलं, तुला आवडत नाही."

"आणि तो आधीचा निबंध?"

"तोही आहेच की. विज्ञान पुढे जातं, बाई." सरांनी कंत्राटाचा कागद तिच्याकडे सरकवला. त्यावर कपाचं तपकिरी वर्तुळ उमटलं होतं. "बरं ऐक, काल आणखी एक उंचवटा आलाय. या वेळी नाव ठेवायचं ना?"

तिने रुमालाने ते चिकट वर्तुळ पुसलं, खाली सही केली.

"किती टक्के, सर?" तिने विचारलं.