कमलिनीची आठ वर्षं

चंद्रहासने सुरमईचं डोकं धडावेगळं केलं आणि तेवढ्यात हॉलमधला फोन वाजला. शुक्रवारची सकाळ, म्हणजे गावाकडून कुणाचा तरी असणार. कोपराने नळ बंद करून, ओले हात लेंग्याला पुसत त्याने रिसीव्हर उचलला.

"भावजी, मी जहांआरा. अभिनंदन. तुमचा ड्राफ्ट पोचला बरं का."

चंद्रहासची कळी खुलली. जहांआरा ही त्याच्या बायकोची, कमलिनीची, जुनी मैत्रीण. दोघी सांगलीकडच्या एका नगरपालिकेच्या दवाखान्यात नर्स होत्या. आठ वर्षं नोकरी करून कमलिनीने राजीनामा दिला, फंडाचे पैसे उचलले, आणि त्या पैशांतून शारजात चंद्रहासच्या वर्कशॉपला पहिलं वेल्डिंग मशीन आलं. आता नगरपालिकेने ठराव केला होता की, उचललेली रक्कम व्याजासकट परत भरली तर जुनी नोकरी पेन्शनला धरली जाईल. गेल्या सुट्टीत कमलिनीने मोठ्या हौसेने अर्ज दिला. परत आल्यावर मात्र "नको ते, खलास" म्हणून तिने विषयच बंद केला.

गल्फमधल्या माणसाला एक खोड असते. घरातलं कुठलंही दुखणं ड्राफ्टने बरं होतं, असं त्याला मनापासून वाटतं. बायको गप्प झाली ती पैशांसाठीच, असं चंद्रहासने परस्पर ठरवून टाकलं. नव्या पिकअपसाठी बाजूला ठेवलेले सात हजार दिरहॅम, म्हणजे ऐंशी-ब्याऐंशी हजार रुपये, त्याने उचलले, ड्राफ्ट काढला आणि गावी निघालेल्या मित्राच्या, रणजितच्या, बॅगेत जहांआराला द्यायला टाकला. घरात अवाक्षर काढलं नाही. पोचल्याचं कळलं की जेवायला बसल्यावर हळूच सांगायचं आणि तिचा चेहरा बघायचा, एवढाच बेत होता.

"मग जूनला हजर होतेय ना?" जहांआराने विचारलं.

"कोण?"

"कमल. अजून दोन वर्षं ड्युटी केली की दहा पुरी होतात, मगच पेन्शन. तिला माहितीये की सगळं. बोलली नाही तुम्हाला?"

"बोलली ना," चंद्रहास म्हणाला. "बोलली, बोलली."

फोन ठेवून तो ओट्याशी आला आणि तुकडे पाडू लागला. ते चांगले बोटभर जाड पडत होते. डायनिंग टेबलाशी कॉर्नफ्लेक्स खात बसलेली स्वानंदी बापाकडे बघत होती. बारावी झाल्यावर तीही जूनमध्ये पुण्याला कॉलेजात जायची होती. त्याने तिला हळू आवाजात सगळं सांगितलं.

"बाबा, यू डिडन्ट ईव्हन आस्क हर?"

"सरप्राइज होतं."

"फॉर हूम?"

चंद्रहासने सुरी धुतली. ड्राफ्ट कॅन्सल करता येतो हे त्याला ठाऊक होतं. मनी एक्स्चेंजमधला मोहिद्दीन ओळखीचा, दोन दिवसांत काम झालं असतं. कमलिनीला कळलंही नसतं.

दार उघडून कमलिनी आत आली. काखेत बीपीचं मशीन, ओढणी कमरेला खोचलेली. खालच्या मजल्यावरच्या शहनाझची सासू रात्रीपासून कण्हत होती.

"बीपी चांगलं वाढलंय. शहनाझच्या मुलाला म्हटलं, यल्ला, चल, गाडी काढ, दवाखान्यात ने. तो विचारतो, आंटी, तुम्हीच इंजेक्शन द्या ना." ती हसली. "म्हटलं, बाबा, माझ्या व्हिसावर हाउसवाइफ लिहिलंय."

दर वेळी ती हे असंच हसून सांगायची आणि चंद्रहासही हसायचा. आज त्याला हसू आलं नाही. तिचा चेहरा उजळला होता, आणि असा तो आपल्यासमोर कितीतरी वर्षांत उजळला नव्हता, हे त्याला जाणवलं. या बाईवर त्याचा फार जीव होता.

"कमल, मी पेन्शनचे पैसे भरले. ड्राफ्ट पोचलाय."

ती खुर्चीत बसली.

"कुणाला विचारून?"

"कुणालाच नाही."

"अहो, नुसते पैसे भरून होत नाही. दोन वर्षं तिथे राहावं लागतं."

"आत्ता कळलं. जहांआराचा फोन होता."

"म्हणूनच मी नको म्हटलं होतं. ही जाणार पुण्याला, मी गेले तर तुमचं इथे कसं व्हायचं?"

"ड्राफ्ट परत मागवता येईल," तो म्हणाला. "सांग, मागवू?"

ती हो म्हणाली तर बरं होईल, असं त्याला फार वाटलं. स्वानंदीने चमचा खाली ठेवला. कमलिनी बीपीच्या मशीनचा पट्टा मांडीवर घेऊन गुंडाळत राहिली. नीट गुंडाळून झाल्यावर तिने तो पुन्हा सोडला आणि पुन्हा गुंडाळला.

"वॉर्ड कुठला देणार," तिने मान वर न करता विचारलं, "काही बोलली का जहांआरा?"

चंद्रहासने सुरी जागच्या जागी ठेवली.

"नाही. तूच विचार. जा, लाव फोन."

ती लगबगीने हॉलमध्ये गेली. तिथून तिचा आवाज ऐकू येऊ लागला. मेट्रन कोण आहे आता, बाळंतिणींचा वॉर्ड अजून मागच्याच बाजूला आहे का, रात्रपाळी कशी लावतात. मध्येच ती खळखळून हसली.

चंद्रहास ओट्यापाशी उभा होता. परातीत सुरमईचे जाडजूड तुकडे पडले होते.

"स्वानंदी," त्याने विचारलं, "याला आधी हळद लावतात की मीठ?"

"आय डोन्ट नो, बाबा. आस्क आई."

"नको," तो म्हणाला. "तिला बोलू दे."