पाटीवरची बारीक अक्षरे

मित्रांनो, मी एक जुना सार्वजनिक टेलिफोन आहे. अमेरिकेतल्या आर्कान्सॉ राज्यात कोंबड्यांचे मांस पॅक करणाऱ्या कारखान्यासमोर एक लाँड्री आहे. तिच्या भिंतीवर मला बसवले, तेव्हा माझा पत्रा चकाकत होता. माझी गोष्ट मला नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

माझ्या कपाळावर एक पाटी होती. परगावचा फोन माझ्याच कंपनीतर्फे लावायची सक्ती नाही, हवी ती कंपनी निवडा, आधी तिचा क्रमांक दाबा, असे तिच्यावर बारीक अक्षरांत लिहिले होते. माझी कंपनी फार महाग होती, दुसऱ्या बऱ्याच स्वस्त होत्या. पण कोणीतरी पाटीवर हरवलेल्या कुत्र्याची जाहिरात चिकटवली. ती कोणीच काढली नाही.

कारखान्यातली रोवीना दर रविवारी चर्च सुटल्यावर ओक्लाहोमात एकट्या राहणाऱ्या वडिलांना, डेलमरना, फोन करी. पैसे पलीकडच्याने भरायचे, असा तो फोन असे. डेलमरना पहिलेच बिल एवढे आले की ते भरण्यात रोवीनाचा आठवड्याचा पगार गेला. मग बापलेकीने युक्ती काढली. ऑपरेटर विचारी, "रोवीनाचा फोन आहे, घेणार का?" डेलमर म्हणत, "नको." नको म्हणजे सगळे ठीक. काही बिघडले तरच "घेतो" म्हणायचे. नकाराला पैसे पडत नसत.

लाँड्रीवाल्या अर्लीनबाई चिडवत, "तुझ्या बापाला लेकीला नाही म्हणायची भारीच हौस गं."

"तेवढाच आवाज कानावर पडतो, बाई," रोवीना हसून म्हणे.

एका रविवारी डेलमर बराच वेळ बोललेच नाहीत. त्यांचा श्वास घरघरत होता. ऑपरेटरने पुन्हा विचारले.

"नको," ते म्हणाले. "पोरीचा पगार जातो."

रोवीनाने फोन ठेवला. "झोपेतून उठवलं वाटतं बाबांना," असे पुटपुटत ती कपडे घ्यायला आत गेली. तो श्वास मी ऐकला होता. पण मला फक्त दुसऱ्यांचेच बोलणे पोचवता येते.

पुढच्या रविवारी पलीकडे शेजारचे वेंडेलकाका होते.

"घेतो," ते म्हणाले.

डेलमर गेल्याचे त्यांनी सांगितले. फोन कानाशी धरून रोवीना तशीच खाली बसली.

अर्लीनबाईंनी नंतर ती जाहिरात नखांनी खरवडून काढली. रोवीनाने पाटी वाचली, पुन्हा वाचली.

आता माझी तार तोडली आहे. मित्रांनो, भिंतीवरची अशी पाटी कधी झाकू नका. आणि आपले माणूस "नको" म्हणाले, तर एकदा पुन्हा विचारा.