आत वळलेला काठ

"हेही गेलं," म्हणत नीरजाने तडकलेलं कच्चं ताट बादलीतल्या पाण्यात सोडलं. माती भिजली की पुन्हा वापरता येणार होती.

धायरीतल्या घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये ती बरीच वर्षं हाताने चिनी मातीची ताटं-वाट्या करत आली होती. पण असं ताट कधी केलं नव्हतं. याचा काठ आत वळलेला हवा होता. पक्षाघातानंतर तिचा नवरा गोपाळकृष्ण डाव्या हाताने, चमच्याने जेवायचा. भात काठापर्यंत ढकलला जायचा आणि बाहेर सांडायचा. तेव्हापासून सगळ्यांचं झाल्यावर तो आतल्या खोलीत एकटा जेवायचा. मग चादर झटकायची, फरशी पुसायची आणि शेडमध्ये यायचं. नीरजाचे खांदे भरून यायचे.

अडचण साच्याची होती. माती वाळताना आक्रसायची, प्लास्टरचा साचा वळलेल्या काठात अडकायचा आणि काठ फुटायचा. फुगा वापरून पाहिला, तर तो मातीखालून निसटला.

एका दुपारी गोपाळकृष्णाच्या व्यायामाची वाळूची पिशवी उसवली. सगळी वाळू सांडून गेली आणि नीरजाच्या हातात नुसतं लुळं कापड उरलं. ती त्या कापडाकडे बघत तशीच जमिनीवर बसून राहिली.

मग तिने मांजरपाटाची, भाकरीएवढी गोल पिशवी शिवली. वाळूने गच्च भरली, वर मातीची पोळी पसरली आणि कडा खालून आत वळवल्या. माती जरा सुकून घट्ट झाल्यावर ताट उलटं केलं, पिशवीचं तोंड सोडलं, चमच्याने वाळू काढली आणि कापड अलगद ओढून घेतलं. काठ शाबूत राहिला.

भट्टीतून निघालेलं ताट तिने नवऱ्यापुढे ठेवलं. आत उमटलेल्या कापडाच्या विणीवर तो बोट फिरवत राहिला.

"छान आहे," तो म्हणाला. शब्द अजून जड यायचे. "वर 'रुग्णासाठी' एवढं लिहायचं राहिलं."

तिला रडू आलं नाही. तेवढंही त्राण अंगात नव्हतं. "बरं," म्हणून तिने ताट उचललं. दुसऱ्या दिवशी शेडमध्ये जाऊन पिशवीत पुन्हा वाळू भरली.

पुढच्या महिन्यात त्याची धाकटी बहीण प्रियदर्शनी नारायण पेठेतून जेवायला आली.

"तुम्ही घ्या बसून. मी नंतर," गोपाळकृष्ण आतून म्हणाला.

"अहो, पानं वाढलीत. या," नीरजा म्हणाली.

तो चौकटीला धरून उभा राहिला. टेबलावर तीन ताटं होती, तिन्ही सारखीच. तो येऊन बसला.

आत वळलेल्या काठाखाली अडकलेली कोशिंबीर प्रियदर्शनीच्या चमच्यात येईना. "अहो वहिनी, ताट आहे की पिंजरा?"

"डाव्या हाताने बघ," गोपाळकृष्ण म्हणाला. "होते सवय."

प्रियदर्शनीने भावाकडे पाहिलं आणि चमचा डाव्या हातात घेतला.

त्याचा भात संपला तशी नीरजा वाढायला उठू लागली.

"बस तू," तो म्हणाला आणि त्याने भाताचं पातेलं स्वतःकडे ओढलं. थोडी शितं टेबलावर सांडली. कुणीच उठलं नाही.